लॅटिनच्या सरांनी मोजलेला बर्फ

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या मराठी विभागाच्या संपादकांच्या नावावर मांडाव्यात, ही नम्र विनंती.

थर्ड इयरला सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. कुणाला मेट्रोचे बोगदे मिळाले, कुणाला भूकंपरोधक इमारती. माझ्या चिठ्ठीत निघालं ‘डोंगरावरचा बर्फ : साठणे आणि वितळणे’. सगळा वर्ग हसला. मी आजपर्यंत बर्फ पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर, वर कालाखट्टा घातलेला. लायब्ररीत जे पुस्तक सापडलं त्यात एका लांब नळीचं चित्र होतं. नाव, माउंट रोज सॅम्पलर. खाली ती बनवणाऱ्याचं नाव होतं, जेम्स एडवर्ड चर्च. मला वाटलं, असेल कुणीतरी हायड्रॉलिक्सचा मोठा इंजिनिअर. पुढे वाचलं तर हा माणूस लॅटिनचा प्राध्यापक! सेमिनार राहिला बाजूला, मी त्यांच्या आयुष्यातच अडकले. हिमविज्ञान शिकणाऱ्यांमध्ये हे नाव आपल्याकडे विश्वेश्वरय्यांचं असावं तितकं मोठं आहे. आपण त्यांना चर्च सर म्हणू. सर नाही म्हटलं तर मला लिहायला जमणारच नाही.

चर्च सरांचा जन्म १५ फेब्रुवारी १८६९ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या होली नावाच्या गावचा. मिशिगन विद्यापीठातून पदवी घेऊन १८९२ मध्ये ते नेवाडा राज्यातल्या रीनो गावी आले आणि तिथल्या विद्यापीठात लॅटिन आणि जर्मन शिकवायला लागले. मधल्या काळात जर्मनीत म्युनिकला जाऊन १९०१ मध्ये डॉक्टरेट घेतली, तीही प्राचीन भाषांच्या अभ्यासातच. म्हणजे फिजिक्स नाही, मॅथ्स नाही. आपल्याकडे असा माणूस सर्व्हेइंगच्या लॅबच्या दारात उभा राहिला असता तर प्यूननेच विचारलं असतं, साहेब, काही काम होतं का?

रीनो हे गाव सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेच्या पायथ्याशी आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग पश्चिमेकडून पर्वत चढतात, वर जाताना थंड होतात आणि आपलं बहुतेक पाणी तिथेच टाकून देतात. पलीकडे रीनोला येईपर्यंत ढगांचे खिसे रिकामे. महाबळेश्वर भिजतं आणि वाई कोरडी राहते, तोच प्रकार, फक्त इथे पावसाच्या जागी हिवाळ्यातला बर्फ. रीनोच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं ते त्याच्या शेतावर पडणाऱ्या पावसातून जवळजवळ नाहीच. ते मिळतं वरचा बर्फ वसंतात वितळून ट्रकी नदीतून खाली येतो तेव्हा.

गावातून माउंट रोज नावाचं शिखर दिसतं. उंची सुमारे १०,७८० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट. सरांना डोंगराचं वेड होतं. १८९४ मध्ये त्यांचं फ्लॉरेन्स हंफ्री यांच्याशी लग्न झालं आणि त्यांनाही तेच वेड होतं, हे बरं झालं. १८९५ च्या भर हिवाळ्यात चर्च सर माउंट रोजवर चढले. हिवाळ्यात त्या शिखरावर कुणी चढल्याची ती पहिलीच नोंद. तेव्हा डोक्यात संशोधन वगैरे काही नसावं. आपण नाही का सबमिशन संपलं की सिंहगडावर जातो, तसं.

पण वर वारंवार जाणाऱ्या माणसाला प्रश्न पडायला लागतात. १९०५ मध्ये सरांनी शिखरावर हवामानाची एक छोटी वेधशाळा उभी केली. इतक्या उंचीवरची वेधशाळा त्या काळी अमेरिकेत फारच दुर्मीळ होती. मग विद्यापीठाच्या शेती संशोधन केंद्राने या कामाला आधार दिला. हिवाळाभर ठरावीक काळाने वर जायचं, उपकरणांतले आकडे उतरवून घ्यायचे, पुन्हा खाली येऊन लॅटिनचा तास घ्यायचा. घसरगुंडीसारख्या उतारावर, वादळात, पायात बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला बांधून. आमच्या सर्व्हे कॅम्पला उन्हात दोन तास थिओडोलाइट धरून उभं राहावं लागलं म्हणून आम्ही किती कुरकुर केली होती ते आठवून मला जरा लाज वाटली. जराच.

आता खरी गोष्ट, म्हणजे भांडण.

माउंट रोजच्या नैर्ऋत्येला लेक टाहो हे प्रचंड सरोवर आहे. पृष्ठभाग सुमारे ४९५ चौरस किलोमीटर, सर्वात खोल जागी ५०१ मीटर. त्रेसष्ट ओढे-नद्या त्यात येतात आणि बाहेर पडते फक्त एक, ट्रकी. जिथे ती बाहेर पडते तिथे एक बुटकं धरण आहे. त्याने सरोवराचा वरचा साधारण सहा फुटांचा थर अडवता येतो. त्या काळी धरणाची दारं एका वीज कंपनीच्या हातात होती. कंपनीला आणि खालच्या शेतकऱ्यांना हे सहा फूट भरलेले हवे होते, कारण उन्हाळ्यात तेच पाणी उपयोगी. त्यात १९०२ च्या कायद्याने केंद्र सरकारने नेवाडात मोठा सिंचन प्रकल्प सुरू केलेला, त्याचीही मागणी होती. उलट सरोवराच्या काठावर ज्यांची घरं, हॉटेलं आणि धक्के होते त्यांना पाणी वर आलेलं नको होतं. १९०७ च्या जुलैमध्ये सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,२३१ फुटांच्याही वर गेली. नैसर्गिक काठ आहे ६,२२३ फुटांवर. आजपर्यंतची ती सर्वोच्च नोंद.

दारं लवकर उघडली तर शेतकरी ओरडणार, की आमचं पाणी वाया घालवलं. उशिरा उघडली तर काठावरचे ओरडणार, की आम्हाला बुडवलं. दर पावसाळ्यात आपल्याकडे धरणांचे दरवाजे कधी उघडले यावरून पेपरात जे वाचतो ते हेच. फरक इतकाच की आपलं पाणी ढगात असतं, कुणाला दिसत नाही. त्यांचं पाणी मार्चपासून डोंगरावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरं पडलेलं असतं. मग ते मोजता का येऊ नये?

लोक मोजत होते, पण खोली मोजत होते. काठी खुपसायची, किती फूट ते बघायचं. यात घोळ असा की बर्फाच्या खोलीवरून पाणी कळत नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ दहा इंच असेल तर त्यात पाणी साधारण एक इंच. तोच बर्फ हिवाळाभर दबून, थोडा वितळून पुन्हा गोठून घट्ट झाला की वसंतात दहा इंचांत चार-पाच इंच पाणी. गादीतला कापूस फुटपट्टीने मोजण्यासारखंच ते. कापूस तराजूवर घालावा लागतो.

चर्च सरांनी नेमकं ते केलं. १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी पोलादाची एक पोकळ नळी तयार केली. तळाला दातेरी कापणारं तोंड. नळीचे तुकडे एकमेकांत आटे पाडून जोडता येत, म्हणजे पाठीवर बांधून नेता येत. बाजूला लांबट खाचा, आत बर्फाचा दांडका नीट आलाय का ते बघायला. नळी बर्फात फिरवत जमिनीपर्यंत घालायची, बाहेरच्या खुणांवरून खोली वाचायची, मग नळी काढून काट्याला टांगायची. रिकाम्या नळीचं वजन वजा केलं की बर्फाचं वजन.

आणि इथे जी युक्ती आहे ती वाचून मी रूममेटला झोपेतून उठवलं. या पद्धतीच्या नळ्यांच्या तोंडाचा आतला व्यास ठरला १.४८५ इंच. असा विचित्र आकडा का? क्षेत्रफळ काढा, १.७३२ चौरस इंच येतं. एक घन इंच पाण्याचं वजन ०.५७८ औंस. गुणाकार करा, उत्तर एक. म्हणजे काट्यावर एक औंस वाढला की एक इंच पाणी! समजा खोली ८० इंच आली आणि वजन ३२ औंस. मग वितळल्यावर ३२ इंच पाणी उभं राहील, घनता ४० टक्के. कॅल्क्युलेटर नको, फॉर्म्युला नको, हातमोजे काढायचीही गरज नाही. डिझाइन कशाला म्हणतात हे मला तीन वर्षांच्या लेक्चर्समध्ये जितकं कळलं नव्हतं तितकं या एका आकड्याने कळलं.

नळी आली, पण खुपसायची कुठे? डोंगर काही सारखा नसतो. इथे सरांचं इतकी वर्षं वर-खाली करणं कामाला आलं. साधा हिशोब असा की जितकं उंच जावं तितकी थंडी जास्त, म्हणजे तितका बर्फ जास्त. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सरोवराच्या काठाशी कधी बर्फ पडतो, कधी पाऊस, आणि दोन वादळांच्या मध्ये थोडा बर्फ वितळूनही जातो. थोडं वर गेलं की नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत तसाच, त्यावर थरावर थर. पण हा नियम शिखरापर्यंत टिकत नाही. झाडांची हद्द संपली की वारा मालक. तो धारेवरचा बर्फ झाडूने लोटावा तसा पलीकडच्या उतारावर नेऊन टाकतो. शिखरावर खडक उघडा आणि शंभर पावलांवर माणूस बुडेल इतका ढीग. म्हणजे सर्वात उंच जागी मोजणं सर्वात चुकीचं. खरं कोठार मधल्या उंचीवर, जंगलात.

जंगलाचा प्रश्न तर जास्तच नाजूक होता. १८६० नंतरच्या तीसेक वर्षांत नेवाडातल्या चांदीच्या खाणींना लाकूड पुरवायला टाहोच्या आसपासची जंगलं सरसकट तोडली गेली होती. झाडं गेल्याने पाणी कमी झालं का, हा प्रश्न रीनोत पोटापाण्याचा होता. झाडांच्या बाजूचे म्हणत जंगल पाणी धरून ठेवतं. पण किती, कसं, हे मोजून सांगणारं कुणी नव्हतं.

सरांनी उघड्या कुरणात, दाट फरच्या रानात आणि विरळ झाडीत नळ्या घातल्या. कुरणात बर्फ भरपूर पडतो, पण वारा उडवतो आणि वसंतातलं ऊन थेट लागून तो लवकर संपतो. दाट रानात सावली आहे, वारा नाही, पण फांद्यांचं छप्पर इतकं गच्च की बराच बर्फ वरच अडकतो आणि तिथूनच हवेत उडून जातो. जमिनीपर्यंत पोचतच नाही. सर्वात जास्त बर्फ आणि सर्वात जास्त दिवस टिकलेला बर्फ सापडला मधल्या प्रकारात, जिथे जंगलात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे मोकळे कप्पे होते. कप्पा इतका मोठा हवा की बर्फ सरळ खाली पडेल आणि इतका लहान हवा की भोवतालच्या झाडांची सावली त्यावर पडेल. म्हणजे कप्प्याची रुंदी झाडांच्या उंचीच्या प्रमाणात. हे त्यांनी १९१२ च्या सुमाराला मांडलं. जंगल चांगलं की वाईट असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना यातून पूर्ण समाधान मिळालं नसणार. मला मात्र हे उत्तर फार आवडलं. नंतरच्या संशोधकांनी यात भर घातली. झाडांचे बुंधे उन्हाने तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकतात, त्यामुळे प्रत्येक खोडाभोवती बर्फात वाडग्यासारखा खड्डा पडतो. जिथे हिवाळा फार कडक नसतो तिथे गच्च जंगल उलट बर्फ लवकर वितळवू शकतं. पण कप्प्यांची कल्पना टिकली.

आता भांडणाकडे परत. डोंगरावर एकूण किती बर्फ आहे हे इंचा-इंचाने मोजणं अशक्य. सरांनी ते करायचा नादच सोडला. ठरावीक जागा निवडायच्या, दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास, बर्फ जास्तीत जास्त साठलेला असताना, त्याच जागी त्याच रेषेत नळ्या घालायच्या. यंदाचं पाणी सरासरीच्या किती टक्के आहे ते काढायचं. बर्फ सरासरीच्या १२० टक्के असेल तर एप्रिल ते जुलैमध्ये ओढ्यांना येणारं पाणीही साधारण १२० टक्के धरायचं. बस. आमच्या मेसचे काका शनिवारी रात्री हेच करतात. सगळ्या हॉस्टेलची डोकी मोजत नाहीत, फक्त पहिल्या मजल्यावरच्या दारांना किती कुलपं आहेत ते बघतात आणि त्यावरून रविवारची कणीक भिजवतात. सहसा चुकत नाहीत.

१९१०-११ चा हिवाळा जोरदार होता. सरांनी टाहोभोवती बर्फ मोजला आणि वसंतात सरोवर किती चढेल ते आधीच सांगितलं. पाणी येण्याआधी किती जागा रिकामी ठेवायची हे आता आकड्यावरून ठरवता येणार होतं. दारं त्याप्रमाणे हलली. सरोवराच्या पृष्ठभागावर एक इंच म्हणजे सुमारे सव्वा कोटी घनमीटर पाणी, हे ध्यानात घेतलं तर इंचा-इंचाचं महत्त्व कळतं. कोर्टकचेऱ्या काही संपल्या नाहीत, ट्रकीच्या पाण्यावरचे दावे पुढे कित्येक दशकं चालले. पण पाणी किती येणार यावरचं भांडण मिटलं. दोन्ही बाजू एकाच आकड्याकडे बघून भांडायला लागल्या, ही माझ्या मते साधी गोष्ट नाही.

मग ही पद्धत पसरली. शेजारच्या कॅलिफोर्नियाने १९२९ मध्ये राज्यभर हिममोजणी सुरू केली, १९३५ मध्ये केंद्र सरकारच्या शेती खात्याने पश्चिमेतल्या राज्यांसाठी ती हाती घेतली. १९२६ ते १९२८ या काळात मिशिगन विद्यापीठाच्या ग्रीनलंड मोहिमांमध्ये चर्च सर हवामानाच्या कामासाठी गेले. वय साठीला टेकलेलं. फ्लॉरेन्स १९२२ मध्येच गेल्या होत्या. लॅटिन शिकवणं मात्र सुटलं नाही, रिटायर होईपर्यंत.

आणि १९४७ मध्ये ते भारतात आले! हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिमालयातल्या बर्फाच्या मोजणीसाठी, वयाच्या ७८ व्या वर्षी. देश स्वातंत्र्याच्या आणि फाळणीच्या धामधुमीत, आणि हे आजोबा नळी घेऊन हिमालयात. आपण दख्खनचे लोक नद्या पावसावर जगतात असंच धरून चालतो, पण सतलजमधून भाक्रा धरणापाशी येणाऱ्या पाण्यात निम्म्याहून जास्त वाटा बर्फाचा आणि हिमनद्यांचा आहे. तिथे वर्षभर किती वीज होणार आणि किती शेत भिजणार हा प्रश्न शेवटी तोच, वर किती साठलंय?

आज अमेरिकेच्या पश्चिम भागात बर्फाचं वजन आपोआप मोजून कळवणारी नऊशेच्या वर केंद्रं आहेत. एक केंद्र माउंट रोजवरही आहे. विमानातून लेसरने बर्फाची खोली मोजतात. तरी नळी घेऊन जाणारी माणसं अजून जातात, कारण यंत्राचा आकडा शेवटी वजनाशी ताडून बघावा लागतो.

पण एक अडचण आहे आणि ती मी सेमिनारमध्येही मांडली. टक्क्यांचा हिशोब एका गृहीतावर उभा आहे, की पुढची वर्षं मागच्या वर्षांसारखी असतील. १ एप्रिल २०१५ ला टाहोच्या दक्षिणेला फिलिप्स नावाच्या मोजणीच्या जागी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर कोरड्या गवतावर उभे होते. तिथे १९४१ पासून मोजणी होते, त्या तारखेला बर्फ अजिबात नसल्याची ती पहिली वेळ. राज्यभरातला बर्फ सरासरीच्या फक्त ५ टक्के. आठ वर्षांनी, २०२३ मध्ये, तोच सरासरीच्या दुपटीहून जास्त. हवा तापतेय तशी पाऊस आणि बर्फ यांच्यामधली रेषा वर सरकतेय. ज्या मधल्या उंचीला सरांनी कोठार म्हणून निवडलं तिथेच आता हिवाळ्यात पाऊस पडू लागलाय. मेसच्या काकांचंही असंच झालं होतं. या वर्षी पहिला मजला फायनल इयरला दिला, ते प्रोजेक्टसाठी बाहेरच असतात, आणि दोन रविवार आम्ही पोळ्यांच्या नावाने शंख केला. काकांनी तिसऱ्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरची कुलपं मोजायला घेतली. डोंगरावर मजला बदलायचा म्हणजे नव्या जागेची पन्नास वर्षांची सरासरी आणायची कुठून? सेमिनारला बसलेल्या सरांनीही यावर मान हलवली, उत्तर दिलं नाही.

चर्च सर ५ ऑगस्ट १९५९ ला रीनोत वारले, नव्वदाव्या वर्षानंतर. माउंट रोजच्या शेजारच्या एका शिखराला त्यांचं नाव आहे. त्यांना चित्रांचीही आवड होती. १९३१ मध्ये रीनोत जी कला गॅलरी सुरू झाली ती उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि आज ती नेवाडा म्युझियम ऑफ आर्ट म्हणून ओळखली जाते. विद्यापीठात त्यांच्या नावाची इमारत आहे. मला वाटलं सिव्हिलची असेल, निदान हवामानशास्त्राची. ती ललित कलांची आहे. तिच्या कोनशिलेत सरांच्या आणि फ्लॉरेन्सच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत.